बीपी मोजायचं ते नीट: घरापासून वाडीपर्यंत

रक्तदाब वाढला की डोकं दुखेल, चक्कर येईल, मान आखडेल आणि आपल्याला कळेल, या भरवशावर आपल्याकडे फार माणसं बसलेली असतात. बहुतेकांच्या बाबतीत असं काहीच होत नाही. १७०/१०० रक्तदाब असलेला माणूस पहाटे उठून म्हशीची धार काढतो, दिवसभर रानात राबतो, रात्री गाढ झोपतो. आतून मात्र मेंदूच्या, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या ताण सोसत असतात. मग एका सकाळी तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो आणि सगळे म्हणतात, ‘कालपर्यंत तर ठणठणीत होता.’ कालपर्यंत त्याचं बीपी कुणी मोजलेलंच नव्हतं.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. त्यातली कामाची रीत मला फार पटते. बीपी नीट मोजायचं, औषधं मोजकी आणि ठरलेली ठेवायची, ती गावाजवळ मिळायला हवीत, आणि जो यायचा बंद झाला त्याला शोधून काढायचं. यातलं बरंचसं काम घरात, गल्लीत, वाडीत आपल्यालाही करता येतं. ते कसं, हे क्रमानं सांगतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी बीपी मोजावं. घरात कुणाला बीपी, मधुमेह किंवा अर्धांगवायू झालेला असेल तर यात चालढकल नकोच.

आधी यंत्र

दंडावर पट्टा बांधायचं, बटण दाबल्यावर आपोआप फुगणारं डिजिटल यंत्र घ्या. मनगटावरची यंत्रं सोयीची वाटतात, पण मनगट जरा वरखाली झालं की आकडा बदलतो. पट्टा न बांधता बीपी सांगणारी मोबाइल अ‍ॅपं आणि घड्याळं यांच्या आकड्यावर औषधाचा निर्णय होऊ शकत नाही.

दुकानात यंत्राची कंपनी विचारण्याआधी पट्ट्याचं माप विचारा. शिंप्याची टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. नेहमीचा मध्यम पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला चालतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. उलट एखाद्या वाळलेल्या आजीच्या दंडाला मोठा पट्टा गुंडाळला तर ते कमी दिसतं आणि आपण उगाच निर्धास्त होतो. घरात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर दोन पट्टे लागतात, ते वेगळे मिळतात.

यंत्र घेतलं की एकदा उपकेंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. त्याच हातावर, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं त्यांच्या आणि तुमच्या यंत्रानं मोजून बघा. चार-पाचाचा फरक चालतो. दोन-तीनदा मोजूनही १०पेक्षा जास्त फरक येत असेल तर ते यंत्र बदलून घ्या. वर्षातून एकदा ही पडताळणी करत राहा. चार घरांत मिळून एक यंत्र घेतलं तरी पुरतं.

बसायचं कसं

घरच्या मोजणीतल्या बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी, सिगारेट, तंबाखू नको. मशेरीही नको. सकाळी मशेरी लावणाऱ्या कित्येक बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत, पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आणि त्यातलं निकोटिन बीपी वाढवतं. विहिरीवरून पाणी आणल्या आणल्या, जिना चढून आल्या आल्या किंवा भांडण झाल्या झाल्या मोजू नका. लघवीला जाऊन या. तुंबलेल्या लघवीनंही आकडा चढतो.

आता खुर्ची. पाठ टेकता येईल अशीच हवी. ओट्यावर, बाजेवर किंवा मांडी घालून बसून मोजलेलं बीपी धरू नका. दोन्ही पाऊलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. उंची कमी असेल आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट घ्या. हात टेबलावर, तळवा वर, आणि पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे हात खाली असतात, त्यावर हात ठेवला की पट्टा हृदयाच्या खाली जातो आणि बीपी वाढलेलं दिसतं. हाताखाली घडी घातलेली चादर किंवा उशी घेतली की काम भागतं. हात हवेत धरून ठेवायला लावू नका.

दंड उघडा हवा. ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर सरकवली की तिचा दंडाला काच बसतो आणि मोजणी बिघडते. मोजायच्या वेळी सैल बाहीचं काही तरी घालावं. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी हाताच्या आतल्या बाजूनं तळव्याकडे. पट्टा आणि दंड यांच्यात एक बोट जाईल इतपतच घट्ट.

मग पाच मिनिटं गप्प बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. हीच पायरी सगळेजण गाळतात. यंत्र गुरगुरत असताना भोवती चौघं उभी असतात, ‘किती आलं, किती आलं’ चाललेलं असतं आणि आजोबा उत्तरही देत असतात. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा १०पर्यंत चढू शकतो.

पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा आणि ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे कायम वापरा. डायलिसिससाठी ज्या हाताच्या शिरेवर शस्त्रक्रिया झालेली असते, त्या हातावर पट्टा बांधायचा नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली बाजूही टाळा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. त्यातला बरा तेवढा निवडून लिहू नका.

आकड्यांचं करायचं काय

दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी वेगवेगळ्या दिवशी आलं तर ते वाढलेलं धरतात. घरी माणूस निवांत असतो म्हणून घरची रेषा जरा खाली आहे, १३५/८५. वरचा किंवा खालचा, कुठलाही एक आकडा रेषेच्या वर असला तरी लक्ष द्यायचं. ‘खालचा बरोबर आहे ना, मग झालं’ असं नसतं. साठीनंतर बहुधा वरचाच वाढतो आणि तोही तितकाच त्रास देतो.

एका मोजणीवर काही ठरवू नका. सात दिवस रोज सकाळी, गोळी आणि नाश्त्याच्या आधी, दोनदा, आणि संध्याकाळी जेवणाआधी दोनदा मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, कारण त्या दिवशी यंत्राची धास्ती असते. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. तुमचं बीपी म्हणून डॉक्टरांना दाखवायचा आकडा तो. लिहायला वेगळी वही लागत नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दुधाचा हिशेब असतो, त्याच चौकोनात ‘स १४२/८८, सं १३६/८४’ एवढं मावतं, आणि दवाखान्यात जाताना त्या पानाचा फोटो काढून नेता येतो.

काहींचं बीपी दवाखान्यात गेल्यावरच वाढतं, काहींचं दवाखान्यात बरोबर आणि घरी चढलेलं असतं. दुसऱ्या प्रकारची माणसं हमखास सुटतात. त्यांना पकडायला ही सात दिवसांची नोंदच उपयोगी पडते.

यंत्रावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार येत असेल तर ईसीजी काढून घ्या. अशा माणसाच्या बाबतीत यंत्राचा आकडाही फसवू शकतो.

गरोदर बाईला मात्र सात दिवसांचा हिशेब लावायचा नाही. १४०/९० दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडे. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, छातीखाली पोटात दुखणं यातलं काही सोबत असेल तर तासभरही थांबू नका.

आणि १८०/१२०च्या पुढे गेलं तर? आधी त्या माणसाकडे बघा, मग आकड्याकडे. छातीत दुखतंय, दम लागलाय, तोंड एका बाजूला ओढलंय, बोबडी वळलीय, एका बाजूचा हात किंवा पाय उचलत नाही, यातलं एक जरी असेल तरी लगेच १०८. पक्षाघाताची ही लक्षणं दिसली तर बीपीचा आकडा कितीही असो, थांबायचं नाही. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे डॉक्टर आधी वेळ विचारतात. तोंडात पाणी, साखर, गोळी काही घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. कांदा फोडणं, तळवे चोळणं यात जाणारी वीस मिनिटं फार महाग पडतात. लक्षण काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. तरी तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जिभेखाली गोळी ठेवून किंवा शेजाऱ्याची गोळी देऊन बीपी घाईघाईनं पाडू नका, एकदम उतरलेलं बीपीही घातक असतं.

मीठ

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, आणि त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळं आलं. देशभरातल्या पाहणीत आपण सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातो असं दिसलं आहे.

तुमच्या घरात किती जातं हे काढायची एक सोपी रीत आहे. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख टाका. चौघांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे ती पिशवी ५० दिवस पुरायला हवी. बाहेरचं फरसाण, पाव, खारी, बिस्किटं, विकतचं लोणचं यातून पोटात जाणारं मीठ तर यात धरलेलंच नाही. पिशवी महिन्याभरात संपत असेल तर घरातला प्रत्येकजण रोज ८ ग्रॅमच्या वर खातो आहे.

कमी करताना एकदम सगळं अळणी करू नका, दोन दिवसांत घर बंड करतं. आधी पानात डाव्या हाताला वाढायचं मीठ बंद करा. मग कणकेतलं आणि भातातलं, कारण भाजी-आमटीत मीठ असताना त्याची गरज नसते. मग ताकातलं. आमटी-भाजीतलं मीठ दर पंधरवड्याला थोडं थोडं उतरवा. जीभ काही आठवड्यांत सरावते. आमसूल, लिंबू, चिंच, लसूण, जिरं, ओवा, भरपूर कोथिंबीर असली की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. ठेचा आणि खर्डा करतानाही मीठ हात राखून घाला, भाकरीबरोबर ते नकळत फार जातं.

पापडखार आणि खायचा सोडा यांतही सोडियमच असतं. उन्हाळ्यात केलेली वाळवणं वर्षभर रोज तळली तर तो हिशेब मोठा होतो, म्हणून पापड, कुरडया सणावारी. कोकणात सुकट आणि सुके बोंबील पावसाळाभर खाल्ले जातात. खारवलेली मासळी कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवा आणि शिजवताना वरून मीठ घालू नका.

उपवासाचं सैंधव आणि काळं मीठ यांचा बीपीच्या दृष्टीनं वेगळा फायदा नाही, त्यांतही सोडियम तेवढंच धरा. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. बऱ्याच जणांना ते चालतं, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

बीपी वाढवणाऱ्या आणखी काही गोष्टी नकळत घरात येतात. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या, आणि काढ्यात रोज पडणारं ज्येष्ठमध. घसा बसला म्हणून दोन दिवस ज्येष्ठमध चघळलं तर बिघडत नाही, पण बीपी असलेल्यानं ते महिनोन्‌महिने घेऊ नये.

चालणं, वजन, तंबाखू यांबद्दल सगळे ऐकून आहेत, थोडक्यात सांगतो. आठवड्यातले पाच दिवस तरी अर्धा तास भरभर चाला. शेतात काम होतंच असं म्हणणाऱ्यांनी स्वतःला खरं उत्तर द्यावं, हल्ली बरंचसं अंतर मोटरसायकलवर कापलं जातं. वजन उतरलं की बीपी उतरतं. तंबाखू आणि मशेरी सोडायलाच हव्यात.

गोळी

‘एकदा सुरू झाली की आयुष्यभर चिकटते’ या भीतीनं लोक गोळी लांबवतात, आणि त्या काळात बीपी आपलं काम करत राहतं. गोळीची सवय लागत नाही. ती घेतो तोवर बीपी आटोक्यात असतं आणि सोडली की काही दिवसांत पुन्हा वर जातं. मोजल्यावर १२४/७८ आलं म्हणून गोळी बंद करणारी माणसं गावोगावी आहेत. ते १२४ गोळीमुळे आलेलं असतं. मीठ आणि वजन कमी केल्यावर डॉक्टर कधी कधी मात्रा कमी करतात, पण ते त्यांनी ठरवायचं.

अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या नेहमीच्या गोळ्या बहुधा दिवसातून एकदाच असतात. वेळ एखाद्या पक्क्या सवयीला जोडा, सकाळच्या चहाला किंवा रात्री दात घासण्याला. एकादशी, चतुर्थी, नवरात्र असलं तरी पाण्याबरोबर गोळी घ्यायचीच. निर्जळी उपवास करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नको.

अ‍ॅम्लोडिपिननं कुणाच्या घोट्यांना सूज येते, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलनं कुणाला कोरडा खोकला लागतो. अशा वेळी गोळी सोडू नका, बदलून घ्या. पर्याय भरपूर आहेत. उठल्यावर अंधारी येत असेल तर आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठा, आणि उभं असतानाचं बीपी मोजून डॉक्टरांना सांगा. जुलाब-उलट्या होत असतील तर फोन करून विचारा, काही गोळ्या एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात. मूल हवं असलेल्या बाईनं ते आधीच सांगावं, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्याकडे वळा. आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. उपकेंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी बीपी आणि साखर तपासतात. शहरात ‘आपला दवाखाना’ नावाचे सरकारी दवाखाने आहेत. विकतच घ्यायची तर जन औषधी केंद्रात याच गोळ्या स्वस्त मिळतात. घरात कायम आठवड्याभराच्या जादा गोळ्या ठेवा. गणपतीला गावी जाताना, लग्नाला, वारीला निघताना त्या कपड्यांच्या बॅगेत टाकू नका, खिशात किंवा पिशवीत जवळ ठेवा. दिंडीत सामानाचा ट्रक पुढे निघून गेला तर गोळ्याही त्याच्याबरोबर जातात.

वाडीत मोजणीचा दिवस

हे सगळं एका घरापुरतं न ठेवता आठवड्यातून एकदा वाडीत किंवा सोसायटीत करता येतं. मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, सोसायटीचं ऑफिस, कुठलीही शांत जागा चालते. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ, बदल नको. एक टेबल, पाठीच्या दोन खुर्च्या, यंत्र, दोन मापांचे पट्टे, टेप आणि वही. दोन खुर्च्या एवढ्यासाठी की एकाचं मोजून होईस्तोवर दुसऱ्याची पाच मिनिटांची शांत बैठक पूर्ण होते. रांग खुर्च्यांपासून लांब, बाहेर. सुरुवातीला आरोग्यसेविकेला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावून दोघा-तिघांनी मोजायला नीट शिकून घ्या.

वहीत नाव, वय, कुठला हात, दोन्ही आकडे, गोळी चालू आहे का, आणि गोळ्या कधी संपणार. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. आकडा मोठ्यानं उच्चारू नका, चिठ्ठीवर लिहून हातात द्या. सून शेजारी उभी असताना सासूचं बीपी पुकारलं तर सासू पुढच्या आठवड्यात येणार नाही. आणि कुणालाही गोळी कमी-जास्त करायला सांगू नका. तुमचं काम मोजायचं आणि वाढलेलं असेल त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं.

तिशी ते पन्नाशीतले पुरुष सहसा येणार नाहीत. त्यांच्यासाठी यंत्र आणि खुर्ची घेऊन दूध संकलन केंद्रावर किंवा रिक्षा स्टँडवर जावं लागतं. तिथं विडी-चहा नुकता झालेला असतो, तेव्हा अर्धा तास थांबायची तयारी ठेवा.

महिनाअखेरीला वही उघडून दोन याद्या करा. एकीत दोन आठवडे लागोपाठ वाढलेले, दुसरीत यायचे बंद झालेले. पहिली आशाताईंकडे द्या. दुसरीतल्यांच्या घरी स्वतः जा आणि कारण विचारा. गोळ्या संपल्या, बरं वाटतंय, एसटीला पैसे नाहीत, नेणारा मुलगा पुण्याला, अशी कारणं निघतील. केंद्राकडे विचारून कुणाच्या गोळ्या घरच्यांना किंवा शेजाऱ्याला आणता येतात का बघा, कुणाला आपल्या गाडीवर नेऊन आणा, आणि गोळ्या संपायची नवी तारीख त्याच दिवशी वहीत लिहून टाका.